सामावून घेणे म्हणजे काय?

(भाईंदर पूर्वेकडील खारी गावी नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण त्रिशरण आणि पंचशील ग्रहण करून तथागतांच्या संघमार्गावर पाऊल टाकले आहे. अशा प्रसंगी अभिनंदनाचे चार शब्द बोलून खाली बसावे, अशी रीत आहे. परंतु आपण घर बदलले आहे, आणि घर बदलणाऱ्या माणसास नव्या घराच्या भिंती कोठे पक्क्या आहेत व कोठे पाणी झिरपते हे सांगणे, हेच स्नेह्याचे कर्तव्य होय. म्हणून आज मी एका अवघड विषयावर बोलणार आहे. समाजात कोणास सामावून घेतले असे म्हणताना आपण काय म्हणत असतो, आणि छळ झालेल्या माणसाने तोंड उघडले म्हणजे चर्चेची सूत्रे कोणाच्या हाती जातात, हा तो विषय.

खारी हे खाडीकाठचे गाव. मिठागरे काय असतात, हे भाईंदरच्या माणसास सांगावयास नको. उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते, हेही आपण जाणता. भगवान बुद्धांनी धम्माला समुद्राची उपमा दिली, ती म्हणूनच आपणांस कोणाहीपेक्षा लवकर उमगेल. समुद्राला सर्वत्र एकच चव, मिठाची. तशी धम्मालाही एकच चव, विमुक्तीची. नद्या समुद्रास मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत. तसे चारही वर्णांचे लोक संघात आले की त्यांची जुनी नावे-गोत्रे उरत नाहीत.

नद्यांची ही उपमा आपल्या सभांतून पुष्कळदा ऐकू येते. परंतु त्याच उपदेशात समुद्राचा आणखी एक गुण सांगितला आहे, आणि तो मात्र क्वचितच ऐकू येतो. समुद्र प्रेत पोटात ठेवीत नाही. तो ते काठावर आणून टाकतो. त्याचप्रमाणे दुराचारी माणूस संघाच्या मधोमध बसला असला, तरी संघ त्याला आपला मानीत नाही.

हा उपदेश कोणत्या प्रसंगी झाला, तेही पाहण्यासारखे आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात, विशाखेने बांधून दिलेल्या विहारात, उपोसथाच्या रात्री भिक्षुसंघ जमला होता. आनंदाने रात्रीच्या तिन्ही प्रहरी प्रातिमोक्ष सांगण्याची विनंती केली. दोन वेळा तथागत मौन राहिले, आणि तिसऱ्या वेळी, सभा शुद्ध नाही, एवढेच बोलले. मोग्गल्लानाने तो दुराचारी भिक्षू हुडकून काढला, तीनदा उठण्यास सांगितले, आणि तो उठेना तेव्हा हाताला धरून बाहेर काढून दाराला कडी लावली. त्यानंतर समुद्राचा उपदेश झाला.

तात्पर्य, ज्या मुखातून सर्वांना सामावून घेण्याचा शब्द आला, त्याच मुखातून त्याच बैठकीत दोषी माणसास सभेत स्थान नाही हाही शब्द आला. ह्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. छळणारा आणि छळलेला या दोघांनाही एकाच सतरंजीवर बसवून, आम्ही सर्वांना सामावून घेतले, असे म्हणणाऱ्या समाजाने वस्तुतः छळणाऱ्यास सामावून घेतलेले असते. छळलेला माणूस आज ना उद्या उठून जातो.

नाव कोणी विसरावयाचे?

आता पहिल्या गुणाकडे वळू. नद्यांची नावे उरत नाहीत, हे खरे. परंतु व्यवहारात नाव विसरण्याचा आग्रह कोणास केला जातो? मोठ्या नदीला कोणी तसे सांगत नाही. लहान ओढ्यालाच म्हटले जाते की बाबा रे, तू आता नाव काढू नकोस. कचेरीत, इमारतीच्या सोसायटीच्या सभेत, महाविद्यालयात आपणांस एक वाक्य ऐकावयास मिळते: आम्ही जात पाहत नाही. हे वाक्य बोलणारा बहुधा सज्जन असतो. पण ज्याला जातीमुळे कधी घर नाकारले गेले नाही, ज्याच्या आडनावावर कोणाची भुवई उंचावली नाही, त्याला जात पाहावी लागतच नाही. आपल्या पायाखालची जमीन कोणी पाहत नसते. ती सरकली म्हणजेच तिची जाणीव होते. जन्माने लाभलेला वरचढपणा तो हाच. तो धारण करणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे त्याला प्रामाणिकपणे वाटते, आणि तो दाखवून देणारा मनुष्य भांडखोर वाटतो.

ह्या बाबतीत शाक्य कुमारांची कथा फार बोलकी आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले, तेव्हा त्यांचा नापित उपाली त्यांच्याबरोबर होता. त्यांनी भगवंतांस विनविले की उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याच्यापुढे वाकावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा गर्व गळून पडेल. तसेच झाले. पुढे हाच उपाली विनयाचा, म्हणजे संघाच्या कायद्याचा, सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. येथे नाव कोणी सोडले? राजकुमारांनी सोडले. उपालीला कोणी असे म्हटले नाही की तू नापित आहेस हे विसर, आम्हीही विसरतो, म्हणजे झाली समता. सामावून घेण्याची किंमत ज्याच्याजवळ अधिक आहे त्याने द्यावी, हा बुद्धाचा न्याय आहे.

गिरणीतील धडा

हा न्याय पाळला नाही म्हणजे चांगल्या चळवळीतही काय घडते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. 1928 साली मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे सहा महिने चाललेला प्रचंड संप झाला. मालकांच्या जुलुमाविरुद्ध कामगार एक झाले होते. परंतु त्याच गिरण्यांत साचेखात्याचे, म्हणजे विणकामाच्या खात्याचे, दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. त्या खात्यात मजुरी अधिक मिळे. तेथे धोट्यातील कांडी संपली म्हणजे नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे स्पृश्य कामगारांचे म्हणणे. म्हणून अस्पृश्याने कमी मजुरीच्या सूतखात्यातच राहावयाचे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क आपल्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांनी ह्या संपापासून दूर राहावे असे मला सांगावे लागेल. तेव्हा नाइलाजाने ती मागणी यादीत आली. मालकपक्षाला तर हे आयतेच सापडले. हा अन्याय असलाच तर त्याचे उत्तरदायित्व आमच्याकडे नाही, असे म्हणून तो मोकळा झाला. बंधूंनो, नीट विचार करा. साचेवाला कामगारही गरीब होता, चाळीच्या खोलीत राहत होता, मालकाने नाडलेला होता. परंतु अस्पृश्य कामगारापेक्षा तो एक पायरी वर उभा होता, आणि तेवढ्या एका पायरीने त्याची दृष्टी झाकली. मालकाचा जुलूम हा त्याला सर्वांचा प्रश्न वाटला, आणि धोट्याचा प्रश्न एकी फोडणारा वाटला. एकीची हाक नेहमी खालच्याला शांत बसविण्यासाठीच का वापरली जाते, हा प्रश्न बाबासाहेबांनी त्या संपात उभा केला. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, त्याचे मूळ ह्याच अनुभवात आहे.

घटनेला नाव कोण देतो?

चर्चेची सूत्रे वरच्याच्या हाती असली म्हणजे तो दोन गोष्टी करतो. पहिली, घडलेल्या गोष्टीला तो स्वतःच्या सोयीचे नाव देतो. दुसरी, सोसणाऱ्याने कोणत्या आवाजात बोलावे हे तो ठरवितो.

29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे ह्या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने निर्घृण हत्या केली. कुटुंबप्रमुख तेवढे वाचले. त्या कुटुंबाने शेतजमिनीवरचा हक्क सोडला नव्हता, आणि त्या माउलीने एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष देण्याचे धैर्य दाखविले होते. तरीही प्रारंभी बाहेर पसरली ती चर्चा तिच्या चारित्र्याची. मेलेल्या बाईवर आरोप ठेवणे सोपे असते, कारण ती उत्तर देत नाही. राज्यभर बौद्ध जनता रस्त्यावर आली तेव्हा तपासाला गती आली. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले आणि त्यांपैकी सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. 2010 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती 25 वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली. परंतु हा जातीय अत्याचार होता हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली सिद्ध झाल्याचे ह्या दोन्ही न्यायालयांनी मानले नाही. गुन्हा झाला, गुन्हेगार ठरले, शिक्षा झाली, आणि तरीही गुन्ह्याचे खरे नाव कागदावर आले नाही. नावाचा प्रश्न किती मोठा असतो, हे यावरून ध्यानात यावे.

2018 सालीही असेच घडले. त्या वर्षी 20 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली अटकेपूर्वी परवानगीची आणि गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली. देशभर चर्चा सुरू झाली ती कायद्याच्या दुरुपयोगाची. ज्यांच्या तक्रारी पोलीस ठाण्याच्या दारातूनच परत पाठविल्या जातात, त्यांच्यासाठी कायद्याचा उपयोग किती झाला, हा प्रश्न मागे पडला. दलित व आदिवासी जनतेने 2 एप्रिलला भारत बंद पाळला, आणि संसदेने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून प्राथमिक चौकशीची अट काढून टाकली.

पुण्णाची सहनशीलता आणि आपले कर्तव्य

दुसरी गोष्ट आवाजाची. तुम्ही आता बौद्ध झालात, करुणा आणि मैत्री शिका, एवढे रागावता कशाला, असा उपदेश आपणांस होईल. त्याला पुण्णाची कथाही जोडली जाईल. खाडीपलीकडे नालासोपारा आहे. तेच प्राचीन शूर्पारक. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. पुण्ण स्थविर याच भूमीचा, असे परंपरा सांगते. तो सुनापरान्तात धम्मप्रचारास निघाला तेव्हा भगवंतांनी विचारले, तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर तू काय करशील? पुण्ण म्हणाला, त्यांनी मला हाताने मारले नाही, एवढे ते भले आहेत असे मी समजेन. मारले तर? दगडाने मारले नाही म्हणून भले म्हणेन. असे होता होता प्रश्न मरणापर्यंत गेला, तरी पुण्ण ढळला नाही.

कथा थोर आहे. परंतु पुण्णाने हे स्वतःविषयी म्हटले. संसार सोडलेल्या, प्रचारार्थ स्वेच्छेने निघालेल्या भिक्षूचा तो निश्चय होता. दुसऱ्या कोणाच्या मुलीचा छळ झाला तर तिने असे समजावे, असे पुण्ण म्हणाला नाही आणि बुद्धही म्हणाले नाहीत. स्वतःची क्षमा हा गुण आहे. दुसऱ्याच्या वतीने परस्पर केलेली क्षमा ही अन्यायाची भागीदारी आहे. इतरांच्या रक्षणासाठी भगवंतांनी निराळी योजना केली. ती योजना म्हणजे विनय.

आणि विनय काय सांगतो? भिक्षूने वासनेने स्त्रीला स्पर्श केला किंवा तिच्याशी अश्लील भाषण केले, तर तो संघादिसेस नावाचा गंभीर अपराध होय. उदायी नावाच्या भिक्षूच्या वर्तनामुळे हे नियम घालावे लागले. दोषी भिक्षूला प्रायश्चित्त भोगावे लागे, आणि वीस भिक्षूंचा संघ बसल्यावाचून तो पुन्हा शुद्ध होत नसे. त्याने दोष लपविला असेल तर जितके दिवस लपविला तितके दिवस परिवासाची जास्त शिक्षा. लपवाछपवी हाही अपराधच, हे तेव्हा ओळखले गेले. हाच उदायी एका स्त्रीसमवेत एकांतात बसलेला विशाखेने पाहिला. तिने समजावूनही तो ऐकेना, तेव्हा तिने भिक्षूंना कळविले. त्यावरून नियम झाला की विश्वासार्ह उपासिकेने असे सांगितले तर तिच्या शब्दावरून भिक्षूची चौकशी व्हावी. पंचवीसशे वर्षांपूर्वी एका गृहिणीच्या शब्दाला संघाच्या कायद्यात स्थान मिळाले. त्याबरोबरच कोणताही वाद दोन्ही पक्ष समोर असताना मिटवावा, असाही दंडक आहे. आरोपीला बोलू देणे हा न्याय आहे. परंतु फक्त त्यालाच बोलू देणे हा न्याय नव्हे.

आपल्या घरातील पायरी

येथवर आपण वरच्या पायरीवर दुसरा उभा असताना काय होते ते पाहिले. आता आपल्या घराकडे वळले पाहिजे, नाहीतर हे भाषण परनिंदा ठरेल. साचेवाल्या कामगाराची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. तो सोसणारा होता आणि सोसावयास लावणाराही होता. आपल्यांतील पुरुषांची स्थिती याहून वेगळी आहे काय? बाहेर आपण अन्यायाविरुद्ध बोलतो. परंतु आपल्याच वस्तीतील एखादी मुलगी सांगू लागली की अमुक कार्यकर्त्याने, अमुक वडीलधाऱ्याने तिला त्रास दिला, तर आपल्या तोंडी पहिले वाक्य कोणते येते? समाजाची बदनामी होईल. विहाराचे नाव जाईल. सवर्णांना आयते कोलीत मिळेल. संपाच्या पुढाऱ्यांनी अस्पृश्य कामगारांना ऐकविले ते हेच वाक्य. एकी फुटेल. आता आपण ते आपल्याच मुलीला ऐकवितो.

तसेच पूर्वीच्या जातींचे. निरनिराळ्या जातींतून लोक धम्मात येत आहेत. ज्यांच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात किंवा त्यानंतर लवकरच दीक्षा घेतली, त्यांनी काल आलेल्या कुटुंबाला, तुम्ही मूळचे कोण, असे विचारून पंक्तीत खालची जागा दाखविली, तर उपालीपुढे वाकणारे शाक्य कुमार आपल्यापेक्षा मोठे ठरतील.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती ते त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. ही मोजपट्टी आपण विहाराच्या कमिटीला लावून पाहावी. कमिटीत स्त्रिया किती? त्या चहाच्या व्यवस्थेला आहेत की निर्णयाला? तक्रार ऐकावयाची वेळ आली तर ती ऐकणार कोण?

कायदा आपल्या हाती आहे

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. बौद्ध झाल्याने संरक्षण जाते, अशी भीती नवदीक्षितांना घातली जाते. ती खोटी आहे. 1950 च्या आदेशात अनुसूचित जातींची सवलत मुख्यतः हिंदूंपुरती होती. 1956 साली ती शिखांना आणि 1990 साली बौद्धांनाही मिळाली. जे कुटुंब पूर्वी अनुसूचित जातीचे होते ते बौद्ध झाल्यावरही अनुसूचित जातीचेच धरले जाते, आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याला लागू राहतो. दाखल्यांचे काम मात्र वेळेवर करून ठेवा. ह्या कायद्याखाली कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणारा सरकारी नोकरही शिक्षेस पात्र आहे, हे ठाण्यात जाताना ध्यानात असू द्या.

हा कायदा आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असतानाच लागतो. म्हणून आपल्यांतील स्त्रीला आपल्याच माणसाने छळले तर कायदा नाही, असा कोणी गैरसमज करून देऊ नये. लैंगिक छळ हा 1 जुलै 2024 पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 75 व्या कलमाने गुन्हा आहे. घरातील हिंसेसाठी 2005 चा कायदा आहे. कामाच्या जागेसाठी 2013 चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तेथे तक्रार समिती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष स्त्री असली पाहिजे आणि निम्म्याहून कमी स्त्रिया तीत असता कामा नयेत. घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. 2013 च्या कायद्याआधी सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली जे दंडक घातले, ते अर्जदार संस्थेच्या नावावरून विशाखा ह्याच नावाने ओळखले जातात. पूर्वाराम बांधणाऱ्या आणि उदायीला हटकणाऱ्या उपासिकेचे तेच नाव आपल्या देशाच्या कायद्यात पुन्हा यावे, ह्याचा आनंद कोणत्या बौद्धाला होणार नाही?

म्हणून आज येथून जाताना दोन निश्चय करूया. आपल्या विहारात छळाची तक्रार ऐकण्यास निम्म्याहून अधिक स्त्रिया असलेली समिती नेमूया, आणि तीत काल दीक्षा घेतलेल्या कुटुंबातील एक तरी भगिनी असूद्या. आणि कोणी सोसलेले सांगू लागला, तर, पुरावा काय, हे विचारण्याआधी, बस, सांग, आम्ही ऐकतो, एवढे म्हणण्याची सवय लावूया. पुरावा चौकशीत पाहता येईल. पण ज्याला बसावयासच सांगितले नाही, त्याची चौकशी कधी सुरूच होत नाही.

खाडीचे पाणी सर्व नद्यांना पोटात घेते आणि प्रेत काठावर आणते. आपला संघ तसाच असो. ज्याला येथे येऊन विमुक्तीची चव मिळाली नाही, तो अजून बाहेरच आहे, मग त्याचे नाव आपल्या वहीत कितीही ठळक लिहिलेले असो.

नमो बुद्धाय. जय भीम.